लेकीच्या पाठीचा बाक ३३ अंश: ब्रेस, वाट बघणं की ऑपरेशन? (सांगली-मिरज)

विश्रामबागकर
नमस्कार. पोस्ट मोठी होणार आहे, सांभाळून घ्या.

लेक १२ वर्षांची, सातवीत. जूनमध्ये युनिफॉर्म शिवायला टाकला तेव्हा टेलरताई म्हणाल्या की हिचा उजवा खांदा वर आहे, दोन्हीकडची मापं जुळत नाहीत. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिला पुढे वाकायला लावलं, तर पाठीची उजवी बाजू उचललेली मलासुद्धा स्पष्ट दिसली. एक्स-रेत ३३ अंश स्कोलिओसिस. फेब्रुवारीत खेळताना पडली म्हणून पाठीचा एक्स-रे काढला होता, तो शोधून नेला. त्यात मोजून २४ आले. चार महिन्यांत ९ अंश!

हे डॉक्टर म्हणतात, ब्रेस लगेच सुरू करा. दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले, इतक्या वेगाने वाढतंय तर ब्रेसचा उपयोग नाही, ऑपरेशनची मानसिक तयारी ठेवा. घरी सासूबाई म्हणतात, पोरीला पट्टा बांधून शाळेत पाठवायचं नाही, तेल लावून मालिश करू. यांचं म्हणणं सहा महिने थांबू. पाळी अजून आलेली नाही. रिपोर्टवर रिसर ० लिहिलंय.

ज्यांनी घरात हे बघितलंय त्यांनी कृपया सांगा. रात्री झोप लागत नाही.

कृष्णाकाठ
ताई, अनुभव नाही, पण वाचतोय. धीर सोडू नका. इथे जाणकार आहेत.

साताऱ्याचा_बाबा
आमची मुलगी याच वयाची होती, बाक २८. ब्रेस पुण्यात बनवून घेतला. कंबरेपासून काखेपर्यंत कडक प्लास्टिकचा, आतून गाद्या, बांधायला पट्टे. पहिले काही दिवस घरात रडारड. तास हळूहळू वाढवले, सुरुवातीला दुपारचे दोन-तीन, मग झोपताना, मग शाळेत. हाड पक्कं होईपर्यंत घातला. शेवटचा एक्स-रे ३० अंश. आज कॉलेजात आहे, अजिंक्यतारा चढून येते.

लोक विचारतात, "२८ चे ३० झाले मग फायदा काय?" हाच फायदा. ब्रेस पाठ सरळ करायला नसतो, वाढ थोपवायला असतो. हे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावलं म्हणून पुढे निराशा झाली नाही.

बाजारपेठ
हे सगळं दप्तराच्या ओझ्यामुळे. सातवीच्या पोराच्या पाठीवर पोतं लादतात. आणि मोबाइल बघत वाकून बसायचं. शाळांवर केस टाकली पाहिजे.

फिजिओ_मिरज
दप्तर हलकं हवंच, पण या आजाराचं कारण ते नव्हे. वाढीच्या वयातल्या बहुतेक मुलांमध्ये स्कोलिओसिसचं नेमकं कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा भाग असतो, त्यामुळे धाकटं भावंड असेल तर त्यालाही एकदा वाकवून बघा. वाकून बसल्याने, एका खांद्यावर पिशवी घेतल्याने किंवा आईने काही कमी खाऊ घातल्याने हे होत नाही. ताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण माझ्याकडे येणारी प्रत्येक आई आधी स्वतःचीच उलटतपासणी घेते.

थोडं मूलभूत. कणा नुसता बाजूला वाकत नाही, स्वतःभोवती पिळतोही. म्हणून वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर येतात. एक्स-रेवर जो कोन मोजतात त्याला कॉब अँगल म्हणतात. १० अंशांच्या खाली असेल तर स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. वाढ बाकी असेल तर २५ ते ४० किंवा ४५ पर्यंत ब्रेस आणि ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा विचार, अशी ढोबळ रीत आहे. रिसर म्हणजे कंबरेच्या हाडाच्या कडेवरून वाढ किती उरलीय ते पाहणं, ० ते ५. शून्य म्हणजे बरीच वाढ बाकी.

पाळी आली नाही हे महत्त्वाचं. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या काळात, आणि बाकही त्याच काळात सगळ्यात जास्त वाढतो. त्यामुळे "सहा महिने थांबू" हा विचार या वयात महागात पडू शकतो.

रोकठोक
माझं स्पष्ट मत. ब्रेस म्हणजे पोरीचे हाल. चार वर्षं तुरुंगात ठेवायचं आणि शेवटी ऑपरेशन करायचंच. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं असंच झालं. सरळ चांगल्या सर्जनकडे जा आणि मोकळे व्हा.

साताऱ्याचा_बाबा
@रोकठोक, चुलतभावाची मुलगी रोज किती तास घालत होती? आमच्या ओळखीत एकीचा ब्रेस कपाटात असायचा आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशी अंगावर. त्यात दोष मुलीचा नव्हता, घरात कुणी तिच्याशी नीट बोललंच नव्हतं. पण त्यावरून ब्रेस फेल म्हणता येत नाही.

रोकठोक
तासांचं माहीत नाही. विचारून सांगतो.

आकडेमोड
ब्रेसचा उपयोग होतो का, यावर अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांत मोठा अभ्यास झाला. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १० ते १५ वर्षांची मुलं, बाक २० ते ४० अंश, रिसर ० ते २. म्हणजे ताईंच्या मुलीसारखीच. यश कशाला धरलं, तर वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० ला न पोचणं. ब्रेसवाल्यांत ७२ टक्के यशस्वी, नुसती देखरेख ठेवलेल्यांत ४८. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवला. ब्रेसमध्ये तापमान मोजणारा सेन्सर होता, त्यामुळे खरे तास कळले. दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या वर.

यात दुसरी बाजूही आहे. ब्रेस न घालताही जवळजवळ निम्मी मुलं ५० ला पोचली नाहीत, आणि ब्रेस घालूनही काही पोचली. हमी कुणीच देऊ शकत नाही. पण रोकठोक म्हणतात तसं "शेवटी ऑपरेशन होतंच" हे आकड्यांत बसत नाही.

विश्रामबागकर, एक विचारायचंय. फेब्रुवारीतला एक्स-रे उभं राहून काढला होता की झोपवून?

विश्रामबागकर
झोपवून. पडली होती ना, टेबलावर झोपवूनच काढला. का?

आकडेमोड
झोपल्यावर कण्यावरचा शरीराचा भार जातो आणि बाक कमी दिसतो. त्यामुळे झोपून २४ आणि उभं राहून ३३ यांची थेट तुलना होत नाही. शिवाय उभ्या एक्स-रेतसुद्धा मोजणाऱ्यागणिक ५ अंश इकडेतिकडे होऊ शकतात. चार महिन्यांत ९ अंश वाढला असं त्यावरून म्हणता येणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी वेगावर बोट ठेवलंय, तर त्यांना हे जरूर दाखवा.

फिजिओ_मिरज
फार योग्य पकडलंत. ताई, म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. उभ्या एक्स-रेत ३३, रिसर ०, पाळी नाही. वेग बाजूला ठेवला तरी एवढ्यावर ब्रेसचा सल्ला बसतो. पुढचा एक्स-रे त्याच ठिकाणी, उभं राहून, पूर्ण कण्याचा काढा. मागून पुढे किरण जातील असा काढायला सांगा, मुलींच्या छातीला किरणोत्सर्ग कमी लागतो.

विश्रामबागकर
वाचून निदान श्वास घेता आला. हे कुणीच विचारलं नव्हतं.

निवृत्त_सिस्टर
मी मिरजेत नोकरी केली. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्यामुळे आमच्या गावाला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही, कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात. माझ्या उमेदीच्या काळात वाकड्या पाठीची पोरं यायची ती बरीचशी पोलिओची. मिलवॉकी ब्रेस म्हणून असायचा, लोखंडी पट्ट्या आणि गळ्याभोवती कडं. हनुवटीला घट्टे पडायचे. आत्ताचे ब्रेस शर्टाखाली झाकले जातात, त्या पोरांची आठवण येऊन मला बरं वाटतं.

सासूबाईंवर रागावू नका, विश्रामबागकर. माझ्या पिढीने तो गळ्यातला ब्रेस बघितलाय, त्यांच्या डोळ्यांसमोर तोच असेल. त्यांना एकदा डॉक्टरांकडे बरोबर न्या आणि आजचा ब्रेस हातात घेऊन दाखवा.

पलूसकर
आमच्याकडं एक जण हाडं बसवतात. लई लांबनं लोक येतात. एकदा पाठ मोडून देतात, कटकट आवाज येतो, मोकळं वाटतं. दाखवायला काय हरकत?

फिजिओ_मिरज
हरकत आहे, दादा. हा कणा निसटलेला नाही की बसवला आणि झालं. मणकेच वाढताना पिळत गेलेत. आवाज येऊन मोकळं वाटेल, पण कोन हलत नाही, आणि तेवढ्यात वाढीचे महिने निघून जातात. हिसका देण्यात धोकाही आहे. मालिश करा हवी तर, आजीचा हात पाठीवरून फिरला तर पोरीला बरंच वाटेल, पण ब्रेसच्या ऐवजी नाही. आणि ब्रेस घालायच्या आधी तेल पूर्ण पुसा, तेलाने कातडी मऊ होऊन सोलते.

मेडिकलमध्ये मिळणारा इलॅस्टिकचा पोश्चर बेल्ट म्हणजेही ब्रेस नव्हे. ब्रेस मुलीच्या मापाचा बनतो.

श्रॉथ व्यायामांबद्दल मला मेसेज आलेत, म्हणून इथेच लिहिते. जर्मनीत कॅथरिना श्रॉथ यांनी १९२० च्या दशकात सुरू केलेली पद्धत, त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. आरशासमोर बसून, बाकाच्या उलट दिशेने ताण घेत, दबलेल्या बाजूत श्वास भरायचा. ब्रेसबरोबर मी जरूर करून घेते. पण ३३ अंश आणि रिसर ० असताना नुसत्या व्यायामावर भिस्त ठेवू नका.

पलूसकर
बरं. तुम्ही सांगता तर ऐकतो. पुतणीला वाकवून बघतो आजच, तिचाबी खांदा खालीवर वाटतो.

सरळरेषा
माझं ऑपरेशन झालंय, म्हणून लिहिते.

मला १५ व्या वर्षी कळलं, तेव्हाच ५८ अंश. गावात ओढणीखाली काहीच दिसलं नाही. ब्रेसची वेळ निघून गेली होती. पुण्यात ऑपरेशन झालं. पाठीवर मधोमध उभा छेद घेतात, मणक्यांत स्क्रू, दोन्ही बाजूंना सळ्या, आणि त्यांवर हाडाचे तुकडे पेरतात म्हणजे तेवढे मणके एकमेकांना जुळून एकच हाड होतं. सळ्या काढायच्या नसतात. ऑपरेशन चालू असताना पायांपर्यंत जाणाऱ्या नसांचे सिग्नल सतत मशीनवर बघतात. माझ्या आईची सगळ्यात मोठी भीती अपंगत्वाची होती. सर्जननी तिला सांगितलं होतं की या वयातल्या साध्या स्कोलिओसिसमध्ये नसांना इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी असतं, पण शून्य नाही. शून्य नाही हे त्यांनी सांगितलं म्हणूनच आमचा विश्वास बसला.

पहिले चार दिवस वाईट होते, खोटं बोलणार नाही. कुशीवर वळायलासुद्धा दोन माणसं. दुसऱ्या दिवशी उभं केलं तेव्हा चक्कर आली. आई म्हणाली, उंच झालीस गं, आणि खरंच दोन-तीन सेंटिमीटर उंची वाढली होती. दीड महिन्याने शाळेत गेले. वर्षभर धावणं-उड्या बंद.

आता नोकरी करते, स्कूटर चालवते. जुळवलेला भाग वाकत नाही, त्यामुळे खाली पडलेली वस्तू गुडघ्यात वाकून उचलते. कोलांटी उडी मारता येत नाही. थंडीत पाठ अवघडते. एवढंच.

रोकठोक, ऑपरेशन करून मी सुखी आहे आणि तरीही सांगते, ज्या मुलीला ते टाळायची संधी आहे तिला ती मिळू द्या. ५० च्या पुढचा बाक मोठेपणीही वर्षाला साधारण एक अंश वाढत राहतो, म्हणून माझं करावं लागलं. तिचं अजून तिथे पोचलेलं नाही.

तासगावची_मावशी
पोरी, तुझं वाचून डोळे भरले. विश्रामबागकर, एक अनुभवाचं सांगते, ब्रेसचं बाहेर फार बोलू नका. उद्या लग्नाच्या वेळी लोक नाही नाही ते काढतात. बाळंतपण होईल का म्हणून विचारतात.

सरळरेषा
मावशी, तुम्ही मायेनं लिहिलंय. पण लपवलं की मुलीला वाटतं आपल्यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे. मला पाठीपेक्षा ते जास्त दुखलं. बाळंतपणाचं मी डॉक्टरांना विचारलंय. स्कोलिओसिस असलेल्या, ऑपरेशन झालेल्या बायकांनाही मुलं होतात, नॉर्मल डिलिव्हरीही होते. फक्त कमरेतून भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगून एक्स-रे दाखवायचा. आणि माझा साखरपुडा झालाय, दिवाळीनंतर लग्न आहे! त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तासगावची_मावशी
अगं बाई! आशीर्वाद. लग्नाला भडंग माझ्याकडून, मिरचीवाला. तुझं पटलं. मी शब्द मागे घेते.

कृष्णाकाठ
अभिनंदन! भडंगाचं आमंत्रण सगळ्या धाग्याला आहे असं समजतो.

पलूसकर
मावशी, लसूण सढळ हातानं घाला.

रोकठोक
चुलतभावाला विचारलं. ब्रेस रात्रीचाच घालायची, तोही पहिल्या वर्षी. आणि सुरू केला तेव्हा बाक ४४ होता. माझा मुद्दा तिथे लागू पडत नाही. मुलीला शुभेच्छा.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. लेक शेजारी बसून वाचतेय. सरळरेषाताईंची पोस्ट तिने दोनदा वाचली. तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत: "खो-खो सोडावा लागेल का? ब्रेस घालून झोप कशी लागणार? आणि मुलं चिडवतील त्याचं काय?"

आणि माझा एक: कुणीतरी दोरीचं ऑपरेशन सुचवलंय, वाढ चालू ठेवणारं. ते काय? खर्चाचंही सांगा. आमची कमाई बेताची आहे.

साताऱ्याचा_बाबा
बेटा, खो-खो अजिबात सोडू नकोस. खेळताना ब्रेस काढायचा, घाम पुसून परत घालायचा. डॉक्टर तास लिहून देतात, त्यात खेळाचा वेळ बसवून घे. खेळल्याने पाठीचे स्नायू चांगले राहतात आणि मनही. उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे, माहितीये?

झोप पहिला आठवडा लागत नाही, मग लागते. आतून बिनशिवणीचा सुती बनियन घाल, ब्रेसखाली चुणी पडू देऊ नकोस. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात बनियन दिवसातून तीनदा बदलावा लागेल. ब्रेस काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेले नाहीत तर बनवणाऱ्याकडे जाऊन तिथली गादी बदलून घ्यायची, सहन करत बसायचं नाही.

चिडवण्याचं: आमच्या मुलीने वर्गशिक्षिकांना सांगून एक तास घेतला आणि ब्रेस सगळ्यांना हाताळायला दिला. मुलांनी वर टकटक करून बघितलं. दोन दिवस तिला रोबो म्हणाले, मग विसरले. शाळेला डॉक्टरांचं पत्र देऊन पाठ टेकायची खुर्ची मागून घ्या, जमिनीवर बसणं ब्रेसमध्ये कठीण जातं. युनिफॉर्म एक माप मोठा शिवा.

आकडेमोड
दोरीचं म्हणजे व्हीबीटी. बाकाच्या बाहेरच्या बाजूने मणक्यांत स्क्रू घालून लवचीक दोरी ताणतात, म्हणजे ती बाजू कमी वाढते, आतली जास्त, आणि वाढीबरोबर कणा सरळ होत जातो. अमेरिकेत एफडीएने २०१९ मध्ये मर्यादित परवानगी दिली. दोरी तुटणं, बाक गरजेपेक्षा जास्त सुधारून उलट बाजूला जाणं, पुन्हा ऑपरेशन लागणं हे प्रकार त्यात सळ्यांच्या ऑपरेशनपेक्षा जास्त दिसलेत. ३३ अंशांना, ब्रेस घालून बघायच्या आधीच, मी त्या वाटेला गेलो नसतो.

निवृत्त_सिस्टर
खर्चाचं मी सांगते. ब्रेसचा खर्च पेलण्यासारखा असतो, हप्त्यात देणारेही आहेत. मूल वाढलं की नवा लागतो तेवढा हिशेब धरा. ऑपरेशनची वेळ आलीच तर खासगीत काही लाख, त्यातला मोठा भाग स्क्रू-सळ्यांचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि एक्स-रे घेऊन जायचं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन थेट जा, काउंटरवर विचारून परत फिरू नका.

विश्रामबागकर
(बऱ्याच दिवसांनी)
अपडेट द्यायला आले. दुसऱ्या डॉक्टरांना झोपून काढलेला एक्स-रे दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग आधी ब्रेसच. दोघांचं एकमत झालं. कोयना एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन माप दिलं, सासूबाई बरोबर होत्या. ब्रेसवर फुलपाखरांचं डिझाइन त्यांनीच निवडलं.

ब्रेस घालून एक्स-रे काढला, त्यात १८ अंश. ब्रेस काढला की परत वाढणार हे माहीत आहे. लेक रात्री घालते, शाळेतही घालते, संध्याकाळी खो-खोला काढते. तासांची वही तीच लिहिते. कधी कधी "आज नाही" म्हणून रडते, तेव्हा मी जबरदस्ती करत नाही, थोड्या वेळाने तीच बांध म्हणते.

फिजिओ_मिरज
३३ चे ब्रेसमध्ये १८ म्हणजे छान बसलाय. निम्म्याच्या आसपास कमी दिसावा अशी अपेक्षा असते. दर चार-सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका, आणि मधल्या काळात उंची मोजत राहा. एकदम वाढली तर ब्रेस आखूड पडलाय का ते लगेच बघून घ्या.

पलूसकर
पुतणीचं दाखवलं. १४ अंश निघालं. सहा महिन्यांनी परत बोलावलंय, बाकी काय नको म्हणाले. वेळेत कळलं, तुम्हा सगळ्यांमुळं.

कवठेमहांकाळ
आत्ताच धागा सापडला. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, शाळेच्या तपासणीत आढळलं, २२ अंश, डावीकडे. आम्हीही ब्रेसच करायचा का?

फिजिओ_मिरज
तुमची गोष्ट वेगळी आहे, इथल्या सल्ल्यावर जाऊ नका. १० वर्षांच्या आत सुरू झालेला आणि २० च्या पुढचा बाक असेल तर मज्जारज्जूत काही नाही ना, हे आधी एमआरआय करून बघतात. छातीचा बाक डावीकडे असेल तर जास्तच. लहान मुलांच्या कण्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, या आठवड्यातच. नवा धागा काढा आणि रिपोर्टमध्ये लिहिलेले शब्द जसेच्या तसे टाका, मी बघते.